एडक्याला ताप

रविकुमारची गाडी पुन्हा तापली, आणि तीही मन्नाएखेळ्ळीच्या भर बाजारात, गौरम्माच्या भाजीच्या टोपल्यांसमोर. गाडीच्या तोंडातून शिट्टी फुंकत वाफ निघाली. गौरम्मानं कोथिंबीर पदराआड घेतली.

"रवी, चहा ठेवायलास का गाडीत?"

रविकुमारनं इंजिन बंद केलं. खाली उतरला आणि हँडल धरून गाडी घराकडं ढकलत निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याला येताना बघून त्याच्या बायकोनं, रूपानं, लेकीला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं आणि नजर चुकवली. गाडीला काय झालंय हे अख्ख्या गावात फक्त तिलाच ठाऊक होतं.

गाडी म्हणजे चार जाडजूड चाकांची मोटारसायकल. हैदराबादजवळच्या एका रिसॉर्टनं ती विकायला काढली होती. रविकुमार तिथं व्हॅन चालवायचा. नोकरी सोडून येताना तो ही गाडी घेऊन आला. गावात आल्यावर त्यानं तिला आणखीच 'स्पोर्ट' केलं. सायलेन्सर कापला, पुढं लोखंडी गार्ड बसवलं, गार्डावर दिवे लावले, मागं लांब सीट केली. त्याची आई बाणूबाई मेंढरांत वाढलेली. वळलेलं हँडल आणि मान खाली घालून पळायची खोड बघून तिनं गाडीचं नाव 'एडका' ठेवलं होतं, आणि त्या एडक्याला ती बोटसुद्धा लावत नव्हती.

रविवारी बसलिंगप्पा येणार होते. बीदरजवळच्या त्यांच्या आमराईत सुट्टीला शहरातली माणसं यायला लागली होती. लेकरांना फिरवायला त्यांना अशी गाडी हवी होती, आणि ती चालवणारा भरवशाचा माणूस. जमलं तर रविकुमार घरी राहणार. नाही जमलं तर पुन्हा हैदराबाद, आणि रूपाच्या वाट्याला उगादी-दिवाळीला येणारा पाहुणा.

घोळ झाला होता तो महिन्यापूर्वी. रविकुमार टायर बघायला हैदराबादला गेला होता. ऊन मी म्हणत होतं, दुपारभर लाइट नव्हती, आणि लहानगी प्रतीक्षा घामोळ्यांनी लालबुंद होऊन रडत होती. पदरानं वारा घालून घालून रूपाचा हात भरून आला. गोठ्यात गाडीवरची धूळ झटकायला गेली, तर आत जाळीच्या मागं एक छोटासा पंखा दिसला. सावलीत उभ्या लोखंडाला पंखा, आणि माझ्या लेकराला नाही? तिनं नवऱ्याचाच पाना घेतला, बोल्ट खोलले, पंखा जुन्या बॅटरीला जोडला, कडेनं लाल झालर शिवली आणि पाळण्यावर उंच बांधला. प्रतीक्षा झोपली. तिच्या शेजारी रूपा अशी झोपली, की चुलीवरचं दूध उतू जाऊन चूल विझली तरी तिला जाग नाही.

नवरा परतल्यावर तिनं सांगितलं, "योगीराजनं पाठवला बीदरहून. मामाकडनं भाचीला."

रविकुमारनं लगेच मेव्हण्याला फोन लावला. "पाव्हणं, लई चांगला पंखा दिलाव."

पलीकडं योगीराज आधी नुसता खाकरला. मग म्हणाला, "त्यात काय एवढं, भावजी. अजून लागला तर सांगा."

दुसऱ्या दिवसापासून एडका तापायला लागला. हायवेवर भरधाव सोडला की ठीक. गल्लीत हळू चालवला, की उकळलाच. रूपा घाबरली, पण गप्प राहिली. पंखा परत गेला तर लेकीची झोप गेली, आणि लेकीची गेली की तिचीही.

एकदा मात्र तिनं जेवताना खडा टाकून पाहिला.

"अव, तुमच्या गाडीला पंखाबिंखा असतोय का?"

"वाऱ्यावर पळायची गाडी हाय ती," रविकुमार घास चावत म्हणाला. "तिला पंखा कामून लागंल?"

मालकच असं म्हणतोय म्हटल्यावर रूपानं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

मग ट्रॅक्टर दुरुस्त करणारा सिद्धराम आला. त्यानं रेडिएटरमधलं पाणी बदललं, ऑइल बदललं, जाळीतला गाळ काढला. एडका उकळलाच. सिद्धराम आडवा होऊन आत डोकावला.

"अण्णा, जाळीमागं ही भोकं कशाची हाईत?"

रविकुमारलाही ती भोकं नवीन होती, पण तसं कबूल कसं करायचं? "वजन कमी करायला पाडलीत. स्पोर्टच्या गाडीला असतात तसली."

"आन् ही लोंबती वायर?"

"ती दिव्याला घेऊ."

त्या वायरीला आणखी एक दिवा लागला. गाडी तापली, की तो दिवा आपोआप लखलखायचा. रविकुमारला वाटलं, धोक्याची खूण देणारी सोय त्यानं स्वतःच शोधून काढली.

बाणूबाईचं निदान वेगळं होतं. "दिट लागलीय. बाजारातून मिरवतोस कामून?" एडक्याला न शिवता, लांब काठीनं तिनं गार्डाला लिंबू-मिरच्या अडकवल्या. गुण येईना तसा काळा बिब्बा आला, बिब्ब्यानंतर केसांची वेणी, आणि शेवटी पूर्वजांच्या पुण्याईची म्हणून काळ्या घोंगडीची जाड पट्टी. जाळीतून वारा शिरायची जी फट उरली होती, ती घोंगडीनं बुजवली. आता एडका गोठ्यातून अंगणात येईपर्यंतच तापायला लागला.

"बघ," बाणूबाई म्हणाली, "दिट किती भारी हाय."

रविवारी बसलिंगप्पा आले. पांढरंशुभ्र धोतर, भारी देह. घोंगडी तेवढी काढायला रूपानं सासूला कसंबसं राजी केलं होतं. बसलिंगप्पा मागं बसले, रविकुमारच्या दोन्ही खांद्यांना गच्च धरलं आणि म्हणाले, "हळू घे तम्मा. बैलगाडीवानी."

रविकुमारनं हँडल धरलं. जोरात घेतली तर पाहुणा पडतो, हळू घेतली तर गाडी उकळते. त्यानं हळू घेतली. मारुतीच्या देवळाला वळसा घालायच्या आतच दिवा लखलखला, वाफेचा फवारा उडाला आणि बसलिंगप्पा त्यांच्या वयाला न शोभेल अशा चपळाईनं खाली उतरले.

अंगणात येऊन त्यांनी चहा घेतला. "माणूस चांगला हायस रे. पण गाडी तापट हाय. माझ्याकडं लेकरं बसणार."

"व्हय अप्पा," रविकुमार म्हणाला. मग भिंतीकडं बघत हळूच पुटपुटला, "उद्याच्या गाडीनं जातो मग हैदराबादला."

चहाचा कप उचलायला आलेल्या रूपानं ते ऐकलं. ती तशीच आत गेली. पाळण्यात प्रतीक्षा मुठी वळून झोपली होती, कपाळावरची जावळाची बट वाऱ्यानं उडत होती. रूपा जरा वेळ बघत उभी राहिली. मग तिनं पंखा सोडवला. त्याच क्षणी लेकीनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं.

एका कडेवर रडणारी लेक आणि एका हातात झालरीचा पंखा घेऊन ती बाहेर आली.

"हे घ्या. तुमच्या गाडीचं हाय."

रविकुमारनं पंख्याकडं पाहिलं. "हा योगीराजनं पाठवलेला न्हवं?"

"तसं म्हणले व्हते मी."

"मी त्याला फोन केला की. त्यो व्हय म्हणला."

"त्याला कुणी थोर म्हणलं की त्यो नको म्हणत न्हाई."

गाडी ढकलू लागायला आलेला सिद्धराम झालरीसकट पंखा घेऊन गाडीखाली शिरला. बोल्ट भोकांत नीट बसले. "अण्णा," आतून त्याचा आवाज आला, "तुमचं वजन वाढलं बघा."

दिव्याची वायर पंख्याला जोडली. इंजिन तापलं, पंखा आपोआप भिरभिरला आणि तापाचा काटा खाली आला. पण बसलिंगप्पा काही पुन्हा बसेनात. "आधी दुसरं कुणीतरी बसा. मी बघतो."

कुणी पुढं होईना. प्रतीक्षाचं रडणं मात्र टिपेला पोचलं होतं. बाणूबाईनं चिडून नात सुनेच्या कडेवरनं ओढून घेतली, लुगड्याचा काचा खोचला आणि सरळ एडक्यावर चढून बसली.

"हाण रे. ह्या लेकराचा गळा सुकायलाय."

रविकुमारनं बैलगाडीच्या चालीनं गाडी सोडली. देवळाला एक वळसा झाला, मग दुसरा. रडणं थांबलं. तिसऱ्या वळशाला नात आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, आणि आजी नातीच्या डोक्यावर गाल टेकून. एडका थंड होता.

"हे बरं हाय," बसलिंगप्पा म्हणाले. "पुढच्या रविवारपासून ये."

रविकुमारचं हैदराबाद टळलं. पण लेकीनं पाळण्यात झोपायचं कायमचं सोडलं. दुपार झाली, की तिला एडकाच लागायचा, तोही हळू चालीनं. इंजिन थांबलं की ती जागी. मग भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून रविकुमार आईला आणि लेकीला घेऊन देवळाभोवती फिरायचा, आणि रूपा घरात पाय पसरून झोपायची.

एके दुपारी डोळा लागतो न लागतो, तोच तिला अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला.

"रूपा," रविकुमार दारातून म्हणाला, "गौरम्मा आलीय. तिच्या नातवाला घेऊन. सिद्धरामची बायकोबी उभी हाय. त्यांचीबी लेकरं झोपनात म्हणं. काय सांगू?"

रूपानं डोळे उघडले नाहीत. कूस बदलली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"सीट लांब हाय की," ती झोपेतच म्हणाली.