सशाची बाटली

कुरिअरवाला थर्माकोलचा डबा ओट्यावर ठेवून, मोबाईलच्या काचेवर रतनबाईंचं बोट फिरवून घेऊन निघून गेला, तेव्हा त्या करडाला दूध पाजत होत्या. डबा लहानसाच, पण हात लावला तर गारेगार. वर सगळं इंग्रजी. त्यातलं ऋतुजाचं नाव तेवढं त्यांना ओळखता येई, तेसुद्धा लेकीच्या दाखल्यांवर वर्षानुवर्षं पाहून. नवरा आसाराम मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. घरात विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी लेकीला फोन लावला.

"माय, तू उघडला का तो डबा?" ऋतुजानं पहिलं हेच विचारलं. उघडला नाही म्हटल्यावर तिनं मोठा श्वास सोडला.

ऋतुजा संभाजीनगरला विद्यापीठात पीएचडी करत होती, आणि तिचा विषय मेंढीचाच होता. उपाशीपोटी लांब चालणारी मेंढी वाळते, तेव्हा तिचं मांस जातं कुठं? तर तिच्याच अंगात एक विकर (एन्झाइम) असतं, ते तिचीच प्रथिनं मोडून टाकतं. हे विकर कोणत्या मेंढीत किती वाढलंय ते शोधायला एक प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, लागतं. त्याची थेंबभर बाटली परदेशातून मागवली होती. तीन महिने वाट पाहिल्यावर ती आली, पण अर्ज भरताना ऋतुजानं विभागाच्या पत्त्याऐवजी आपला कायमचा पत्ता टाकला होता. म्हणून ती विद्यापीठात न जाता गावाकडं चकलांब्याला आली. गुरुवारी समितीपुढं निकाल दाखवायचा होता. बाटली खराब झाली तर आणखी तीन महिने गेले असते आणि जपून ठेवलेले नमुनेही वाया गेले असते.

"म्हंजी औषध हाय का ते?" रतनबाईंनी विचारलं.

औषध नाही, ऋतुजानं समजावलं. ते काही बरं करत नाही. हजार गोष्टींच्या गर्दीतून त्या एका विकराला तेवढं ओळखतं आणि त्याला जाऊन चिकटतं. रतनबाईंना हे एका झटक्यात कळलं. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू अंधारातही त्या ओळखत, फक्त खाकरण्यावरून. तसलंच काहीतरी बाटलीत भरलंय, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

पण खरी अडचण पुढं होती. ती बाटली उणे वीसमध्ये ठेवायची होती. घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा चालणार नव्हता, कारण वीज गेली की तो रडायला लागे. गावात उणे वीसची एकच जागा होती, सुग्रीवच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला कुल्फीचा डीप फ्रीझर. त्याला इन्व्हर्टर होता. "मी सकाळच्या गाडीनं येते, तोवर कुनाला हात लावू देऊ नको," असं ऋतुजानं तीनदा सांगितलं.

रतनबाई डबा पदराखाली धरून दुकानात गेल्या. सुग्रीव बारावीपर्यंत शिकलेला होता. त्यानं डब्यातली करंगळीएवढी बाटली काढली, प्रकाशात धरली आणि अंगठ्यानं धुकं पुसलं. निम्मंच पुसलं गेलं. तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, हे ऋतुजानं गावासाठी धाडलंय का?"

तिच्या कामाचं आहे, असं त्या म्हणाल्या. सुग्रीवनं मान डोलावली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. त्यानं बाटली कुल्फीच्या डब्यांमागं नीट ठेवली आणि झाकण लावल्यावरही हात त्यावरच ठेवून उभा राहिला. बाटलीवर 'अँटी' हा शब्द त्यानं स्पष्ट वाचला होता. त्याच्या आधीचा शब्द 'आर, ए, बी' एवढ्यावरच धुक्यात गेला होता. राहिलेलं त्यानं मनानंच पुरं केलं होतं.

चार वाजता शेजारची छबुबाई ताकाचं भांडं परत द्यायच्या निमित्तानं आली. भांडं महिन्याभरापासून तिच्याकडंच होतं. इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, ते कुत्र्याच्या चाव्याचं इंजेक्शन तुमच्याकडं आलंय म्हणतात, खरं का? आपल्याला नको, एका पाहुणीला पाहिजे. रतनबाईंना काही उमगेना. त्या उत्तर देईपर्यंत जीपवाला सोमेश्वर दारात उभा. त्यालाही नको होतं, मेव्हण्याला पाहिजे होतं. दोघं एकमेकांकडं बघेनात.

पाचाच्या सुमाराला बबनराव स्वतः आले. गावातला मोठा माणूस, माजी सरपंच, कुणाच्या ओट्याला सहसा पाय न लावणारा. ते म्हणाले, गड्यासाठी विचारायला आलोय. रतनबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि ते बसताना पाहिलं. उजवा पाय त्यांनी आधी पुढं ठेवला, मग हातानं धरून आत ओढला. आयुष्य मेंढरांत गेलेल्या बाईपुढं लंगडणं लपवायला जागा नव्हती. पण मोठ्या माणसाला काय विचारायचं.

एवढ्यात उपकेंद्रातली नर्स उज्ज्वला स्कूटी घेऊन आली. तिच्या कानावर गेलं होतं, की रतनबाईंनी रेबीजच्या लसीचा साठा केलाय आणि तो कुल्फीत ठेवलाय. ती चांगलीच वैतागली होती. लस अशी कुणाच्याही घरी ठेवता येत नाही, आणि गोठवली तर ती कामातूनच जाते, असं सांगत ती दुकानाकडं निघाली. रतनबाई तिच्यामागं, आणि त्यांच्यामागं हे तिघं, एकमेकांत दहा पावलांचं अंतर ठेवून.

सुग्रीवनं फ्रीझर उघडला. उज्ज्वलानं बाटली ओढणीनं स्वच्छ पुसली आणि मोठ्यानं वाचली.

"रॅबिट," ती म्हणाली. "रेबीज नाही, रॅबिट. ससा. सशाच्या रक्तातून काढलेलं काहीतरी आहे हे."

सुग्रीव कुल्फीच्या डब्यांकडं बघू लागला. पण रतनबाईंचं लक्ष भलतीकडंच होतं. कुल्फी दगडासारखी घट्ट झाली होती, आणि बाटलीतलं पाणी मात्र तसंच डुलत होतं. एवढ्या गारठ्यात ते गोठलंच नव्हतं. लेकीचे तीन महिने आपल्या हातानं गेले, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिथूनच फोन लावला. ऋतुजा म्हणाली, त्यात ग्लिसरीन असतं, ते उणे वीसलाही गोठत नाही. तसंच राहायला पाहिजे. फक्त ती आधी आत ठेवा. उज्ज्वलानं बाटली झटकन जागेवर ठेवली आणि झाकण लावलं.

मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. गेल्या आठवड्यात ती घरोघर फिरून विचारत होती, कुत्रं चावलंय का कुणाला? प्रत्येक दारात उत्तर एकच मिळालं होतं, न्हाई. तिनं तिघांकडं पाहिलं, आणि मग सुग्रीवकडं.

"मग तुम्ही सगळे इथं कशाला जमलाय?"

छबुबाईनं लुगडं घोट्यावर ओढून घेतलं. सोमेश्वर कोल्ड्रिंकची किंमत वाचू लागला. सुग्रीवनं सगळ्यात आधी हात वर केला, शाळेत करतात तसा. एकेक करून पाहुणी, मेव्हणा आणि गडी गावातून नाहीसे झाले आणि चावे त्यांच्या खऱ्या मालकांकडं परत आले. उज्ज्वला कुणावरच रागावली नाही. जखम धुतली होती का, कधी चावलं, एवढं तिनं लिहून घेतलं. लस आजच घ्यायला हवी होती, पण सोमेश्वरची जीप दुरुस्तीला होती आणि शेवटची गाडी निघून गेली होती. म्हणून सकाळी जीप आली की पहिल्या फेरीला सगळ्यांनी गेवराईच्या दवाखान्यात जायचं, असं तिनं बजावलं.

सकाळी ऋतुजा आली. तिनं बाटली बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवली आणि सगळ्यांबरोबर सोमेश्वरच्या जीपनं परत निघाली, कारण संभाजीनगरची गाडी गेवराईहून होती. रतनबाई तिला सोडायला बरोबर गेल्या. वाटेत एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही की तुला कुठं चावलं. गाडीला वेळ होता म्हणून मायलेकी दवाखान्याच्या बाकावर टेकल्या. डबा ऋतुजाच्या मांडीवर होता. (गुरुवारी पडद्यावर त्या विकराची काळी रेघ अगदी जिथं उमटायला पाहिजे तिथंच उमटली, पण ते नंतरचं.)

डॉक्टर तरुण आणि शांत होते. कुत्रं कसं होतं, असं त्यांनी विचारलं. तांबडं, सुग्रीव म्हणाला. शेपूट अर्धं तुटलेलं, सोमेश्वरनं भर घातली. एका कानावर पांढरा ठिपका, छबुबाई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. तसं कुत्रं गावात एकच होतं. बबनरावांच्या मोसंबीच्या बागेतला वाघ्या.

आता सगळ्यांच्या मौनाचा अर्थ रतनबाईंना लागला. चार वर्षं बबनराव पारावर बसून सांगत आले होते, आपला वाघ्या चोराबिगर कुणाला तोंड लावत न्हाई. चावला म्हणून सांगायचं, म्हणजे बागेत मोसंबीला गेलो होतो हेही सांगायचं. छबुबाई, सोमेश्वर आणि सुग्रीव जमिनीकडं बघत होते. पण बबनरावही तिकडंच बघत होते. त्यांनी हळूच धोतर वर केलं. पोटरीवर दातांचे चार ठसे होते.

"अंधारात बागेत गेलतो," ते म्हणाले. "वळखलंच न्हाई मला."

डॉक्टरांनी नेहमीच्या स्वरात सांगितलं, लस सगळ्यांना देतो, पण कुत्रं दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं. आत्ताच घरी कळवा. बबनरावांच्या एका दंडात सुई होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं फोन लावला आणि तो स्पीकरवर गेला. पलीकडून त्यांच्या बायकोचा, विमलबाईंचा आवाज आला.

"वाघ्याला बांधून ठिव," बबनराव म्हणाले.

"चार दिसांपासून बांधूनच ठिवलाय की त्याला."

"कावून?"

दवाखान्यातल्या नर्सनं सुई काढून कापूस दाबला.

"मलाबी चावला त्यो," विमलबाई म्हणाल्या. "पर तुमी गावभर सांगत फिरता, चोरालाच चावतो म्हून. मग मी सांगावं तरी कुनाला?"

बबनरावांनी फोन तसाच हातात धरून ठेवला. डॉक्टरांनी आणखी एक केसपेपर पुढं ओढला आणि नाव विचारलं. सोमेश्वरनं विमलबाईंना आणायला जीपची किल्ली उचलली.