नॉर्बर्टने आवळलेला बोल्ट

नॉर्बर्ट लुएडकेने आवळलेला बोल्ट कधी सैल होत नसे. निदान नॉर्बर्टचं तसं म्हणणं होतं, आणि केस्टर फॉल्समधल्या लहानथोरांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कागद गिरणीत एकतीस वर्षं त्याने यंत्रं सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं, तर हा पठ्ठ्या भर समारंभात म्हणाला, "घड्याळ कसलं देता? माझ्या पान्याला सलाम करा!"

त्याचं दुसरं ठाम मत जोना वेदरबीबद्दल होतं. वेदरबी म्हणजे गावच्या लंबरजॅक्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य गडी. अकरा हंगाम तो चेंडू फेकत होता, दोनदा करंडक घेऊन आला होता. गावातल्या निम्म्या पोरांचं नाव जोना होतं, आणि ज्यांना पोरं नव्हती त्यांच्या कुत्र्यांचं! एकटा नॉर्बर्ट तेवढा नाक वर करून सांगायचा, "उगाच डोक्यावर चढवलाय त्याला! पुढची फळी तगडी आहे, म्हणून याला आरामात चेंडू फेकायला मिळतो. तेवढा वेळ दिलात तर आमची डोलोरेससुद्धा फेकेल!"

डोलोरेस ही त्याची बायको. ती भांडी पुसत म्हणायची, "फेकीन ना. पण चेंडू नाही फेकणार."

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की केस्टर फॉल्समध्ये खेळाडू संघाच्या इमारतीतून मैदानावर चालत जात नाहीत, गावातल्या पोरांच्या सायकलींवरून जातात. पोरं सकाळपासून सायकली घेऊन ओळीत उभी राहतात. ज्याची सायकल निवडली गेली, ते पोर खेळाडूचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळतं आणि पुढची दहा वर्षं त्यावर भाव खातं. नॉर्बर्टची नऊ वर्षांची नात हेझल दोन उन्हाळे अशी उभी राहिली होती. तिची पिवळी सायकल एवढीशी, त्यामुळे एकाही पहिलवानाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दोन्ही वर्षी ती सायकल ढकलत घरी आली आणि न जेवता झोपली.

"आजोबा, या वर्षी सीट आणि हँडल वर कर ना," ती म्हणाली. "वेदरबीचे पाय मावले पाहिजेत."

"त्या फुगवलेल्या माणसासाठी मी पाना उचलू?"

हेझलचा खालचा ओठ पुढे आला. नॉर्बर्टने पाना उचलला.

अंगणात सायकल उलटी-सुलटी करून त्याने सीट वर घेतली आणि अशी आवळली की काय बिशाद हलायची! मग हँडल वर ओढलं, त्याच्या मधोमध असतो तो, हँडल चाकाला जखडणारा उभा बोल्ट बोटांनी बसवला, आता पाना लावणार, एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या लायलचं डोकं वर आलं. लायल लग्नाला असो की मयताला, वेदरबीच्याच नंबराचा सदरा घालायचा.

"काय रे, कुणाच्या सेवेत चाललंय हे?" लायल खो खो हसला. "ज्याला फुगवलेला म्हणतोस त्याच्याच ना?"

"फुगवलेलाच आहे तो!"

"आणि ती बर्फातली फेक? पन्नास यार्ड, शेवटचे चार सेकंद! कुणाच्या बापाला जमली असती का?"

"ती वाऱ्याने गेली!"

"वारा उलटा होता!"

"उलटा? थांब, तुला दाखवतोच!" पाना गवतात टाकून नॉर्बर्ट तळघरात गेला. तिथे त्याची कात्रणांची पेटी होती. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाऱ्याची दिशा छापून आली होती, आणि नॉर्बर्टने ती लाल शाईने अधोरेखित करून ठेवली होती. पेटी बाहेर आली. मग लायलनेही आपली पेटी आणली. जेवायची वेळ झाली, तेव्हा डोलोरेस दोघांनाही हाका मारून मारून दमली आणि शेवटी तिने सायकल स्वतःच आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. वळणावर चर्चच्या बायकांनी सॉसेजचं टेबल मांडलं होतं, आणि मधोमध डोलोरेसच्या बटाट्याच्या सॅलडचं घमेल्याएवढं भांडं होतं. वेदरबी बाहेर आला. साडेसहा फुटांचा गडी! तो ओळीतून चालत आला, पिवळ्या सायकलीपाशी थांबला, सीट हलवून पाहिली आणि म्हणाला, "वा! ही तर माझ्या मापाची दिसतेय."

हेझलने त्याचं हेल्मेट असं घट्ट पकडलं की जणू ते रांगतं बाळ आहे. नॉर्बर्ट हाताची घडी घालून बेफिकिरीने उभा होता, पण शेजारच्या अनोळखी बाईला त्याने सांगितलंच, "सीट मी वर केलीय."

वळणापर्यंत सगळं झकास चाललं. वळणावर वेदरबीने हँडल डावीकडे फिरवलं. हँडल आज्ञाधारकपणे डावीकडे फिरलं. चाक मात्र सरळच निघालं!

नॉर्बर्टच्या डोळ्यांसमोर एका क्षणात अंगणातल्या गवतात पडलेला पाना आला.

वेदरबीने हँडल उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, मग ते त्याच्या हातात पिठाच्या चक्कीसारखं गरगर फिरलं! या सायकलीचा ब्रेक पेडल उलटं मारून लागायचा, ते मारायला गेला तर गुडघा हँडलमध्ये अडकला. समोर टेबल, टेबलामागे डोलोरेस, आणि शेजारी हेल्मेट घेऊन पळणारी हेझल. पोरीच्या अंगावर जाऊ नये म्हणून वेदरबीने स्वतःला दुसऱ्या बाजूला झोकून दिलं. सायकल टेबलाच्या पायावर आदळली. टेबल कलंडलं, सॅलडचं भांडं हवेत उडालं, आणि गवतावर उताणा पडलेल्या वेदरबीने उजवा हात लांब करून ते भांडं अलगद झेललं! बटाट्याची एक फोडसुद्धा खाली पडली नाही. नॉर्बर्ट आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या खेळावर टाळी वाजवणार होता. पण वेदरबी डावं कोपर धरून उठला, आणि दोन हजार माणसांनी एकदम श्वास रोखला.

डॉक्टर त्याला छोट्या गाडीत बसवून घेऊन गेले. दुपारी रेडिओवर सांगितलं, कोपर सुजलंय, उद्या बघू.

संध्याकाळी नॉर्बर्ट नेहमीच्या गुत्त्यावर गेला. गुत्त्यात अशी शांतता पसरली की मासे तळायच्या कढईतलं तेल तडतडताना ऐकू यायला लागलं.

"सायकल कुणी दुरुस्त केली होती?" कुणीतरी विचारलं.

"मी."

"मग बोल्ट सैल कसा राहिला?"

"मी आवळलेला बोल्ट सैल राहत नसतो!" एकतीस वर्षांच्या सवयीने नॉर्बर्टच्या तोंडून निघून गेलं.

लायलने पेला खाली ठेवला. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "तू मुद्दाम सोडलास?"

नॉर्बर्ट पेचात सापडला. विसरलो म्हणावं, तर एकतीस वर्षांची अब्रू गेली. विसरलो नाही म्हणावं, तर गावाचा वैरी ठरलो! त्याने टोपी घातली आणि एक अक्षर न बोलता घरी आला. यापेक्षा मोठा मूर्खपणा त्याला करता आला नसता. तासाभरात गावभर बातमी झाली की त्याने पक्कड घेऊन बोल्ट सोडला होता. आणखी तासाभरात करवतीने हँडल कापलं होतं, आणि जेवणं होईपर्यंत तर शेजारच्या राज्यातल्या संघाने त्याला फितवलं होतं! पाद्रीबाबांचा फोन आला. "नॉर्बर्ट, मनावर काही ओझं असेल तर माझं दार उघडं आहे." बेकरीवाल्याने डोलोरेसला पाव दिला, पण तोंड फिरवून.

हेझल पायरीवर बसली होती. सायकल तिच्याशेजारी आडवी पडली होती.

"आजोबा, सगळी पोरं म्हणतात, माझ्या सायकलला आता कुणी हात लावणार नाही." मग ती म्हणाली, "तू खरंच मुद्दाम केलंस?"

गावाने म्हटलं ते नॉर्बर्टने गिळलं होतं. हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"नाही गं. विसरलो. लायलशी वाद घालत बसलो आणि विसरलो."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"ते फार अवघड आहे, पोरी."

"का?"

नॉर्बर्टने गवतातून पाना शोधून काढला आणि तो बोल्ट आवळला. मग पुन्हा आवळला. झोपायच्या आधी येऊन तिसऱ्यांदा आवळला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं सायकल घेऊन निघाले, तेव्हा गर्दी बाजूला झाली. मानाने नव्हे, तर हा माणूस आपल्याला चिकटू नये म्हणून! ओळीत हेझलच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी राहिली. दार उघडलं आणि वेदरबी बाहेर आला. त्याच्या डाव्या कोपराला पट्टी होती, पण हात हलत होता. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला.

नॉर्बर्ट पुढे झाला. त्याने टोपी काढली. त्याचा आवाज भलताच मोठा निघाला.

"मी विसरलो!"

टाळ्या थांबल्या.

"हँडलचा बोल्ट आवळायचा राहिला माझ्याकडून. मुद्दाम नाही केलं. तुम्हाला उगाच डोक्यावर चढवलंय हे सिद्ध करायला कात्रणं आणायला गेलो, आणि राहून गेलं. मला माफ करा."

"कात्रणं?" वेदरबीने विचारलं. "कसली?"

"ती बर्फातली फेक. मी म्हणतो, ती वाऱ्याने गेली."

वेदरबीने मान खाजवली.

"खरं सांगू आजोबा? वाऱ्यानेच गेली. मी फेकला होता दुसऱ्यालाच."

मागे लायलने कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेतला. नॉर्बर्टने मात्र जिंकूनही तोंड उघडलं नाही. जी फेक चौकातल्या भिंतीवर रंगवलेली आहे, जिच्यावर अख्खं गाव जगतं, ती या माणसाने सगळ्यांसमोर, एका श्वासात, हसत हसत सोडून दिली होती. आणि आपण एका बोल्टसाठी रात्रभर तळमळलो! नॉर्बर्ट त्या साडेसहा फुटांकडे मान वर करून बघतच राहिला. एवढा उंच माणूस त्याने खरोखरच कधी पाहिला नव्हता.

"काय हेझल, तीच सायकल ना?" वेदरबी म्हणाला. "आजोबा, पाना आणलाय?"

नॉर्बर्टने खिशातून पाना दिला. वेदरबी हँडलवर वाकला. त्याच्या रुंद पाठीआड काय चाललंय ते गर्दीला दिसलं नाही. नॉर्बर्टला दिसलं. त्याने तीन वेळा आवळलेला तो बोल्ट आणखी अर्धा आटा फिरला! वेदरबीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पाना परत दिला, सायकलवर बसला, गुडघे कानाशी घेत निघाला, आणि शेजारून हेझल हेल्मेट घेऊन अशी धावली की तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. वळणावर चाक हँडलबरोबर वळलं. चर्चच्या बायकांनी हातातले चमचे उंचावून जयजयकार केला.

लायल हळूच शेजारी येऊन उभा राहिला. बिचारा सदऱ्यातच लहान झाल्यासारखा दिसत होता.

"मग? आता काय म्हणणं आहे तुझं?"

"कमी लेखलाय आपण त्याला," नॉर्बर्ट डोळे पुसत म्हणाला. "तूसुद्धा! फारच कमी लेखलाय!"

"आणि तो बोल्ट? या वेळी घट्ट होता ना रे?"

नॉर्बर्टने पाना खिशात टाकला.

"म्हणजे काय? मी आवळला होता!"