शांतता राखण्याचा मान

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मालवणजवळच्या एका वाडीत गुरुदास तांडेलाला मेंदूज्वर झाला आणि वाडीची सार्वजनिक शांतता धोक्यात आली. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, आठवड्याने पुन्हा तपासले आणि त्याच्या बायकोला, मथुराला, समजावले. जंतू मेले आहेत. पण त्यांना मारायला धावून आलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अजून मेंदूत ठाण मांडून आहेत. सूज आता त्यांच्याच गर्दीची. औषधाने उतरेल, मात्र अंधार आणि शांतता हवी, नाहीतर माणूस हातचा जाईल.

"म्हणजे चोर गेलो नि राखणे घरात रवले?" मथुराने विचारले. डॉक्टर म्हणाले, अगदी तसेच.

हे ओसरीभर बसलेल्या माणसांनी ऐकले. ती सगळी समाचाराला आली होती. आजाऱ्याच्या उशाशी बसून, हाच आजार होऊन आपला मामा कसा गेला ते सविस्तर सांगायचे, ही वाडीची रीत. शांतता हवी म्हटल्यावर सगळे हळहळले आणि ती राखायला तिथेच थांबले.

वाडीचे मानकरी आबा गावकर यांच्या अध्यक्षतेखाली रुग्णशांतता संरक्षण समिती स्थापन झाली. तिने नेमलेले स्वयंसेवक "गप रवा" म्हणून ओरडू लागले. त्यांच्यावर देखरेखीसाठी उपसमिती नेमून तिला शिट्टी देण्यात आली. माणसे कमी पडली, तेव्हा कसालहून आणखी मागवली. आत गुरुदास डोके धरून कण्हत होता. कण्हण्याने शांततेचा भंग होतो, ही बाब उपाध्यक्ष सत्यवानाने समितीच्या निदर्शनास आणली. तापातून वाचलेला नवरा आता समाचाराने जाणार, हे मथुराला स्वच्छ दिसले.

तिने पदर पसरला. "आबानू, पाया पडतंय, सगळे घराक जावा. तेंका निजाक व्हया."

आबांना पटले. समितीने तात्काळ निघावे, असा ठराव एकमताने झाला. फक्त आधी कोण निघणार? होळीला पहिला नारळ गावकराचा, तेव्हा उंबऱ्याबाहेर पहिले पाऊलही गावकराचेच, असे आबांचे म्हणणे. सत्यवान म्हणाला, होळी देवळापुढे. हे घर पुळणीवर, आणि किनाऱ्यावरचा मान आमच्या घराण्याचा. प्रकरण कोर्टात न्यायचे ठरले. निकालापूर्वी कोणी चुकून निघून जाऊ नये म्हणून दारावर पहारा बसला.

मथुराने मग कोणाला विचारले नाही. भांडण रंगात आले तशी तिने शेजारच्या नर्मदेला हाक मारली आणि दोघींनी गुरुदासाला मागच्या दाराने उचलून जाळी ठेवायच्या मांगरात निजवले. तिथे काळोख होता, सुकटाचा वास होता आणि बघायला कोणी नव्हते. तो इतका गाढ झोपला की मथुराला रडू आणि हसू एकदमच आले. पंधरवड्याने तो उठून बसला आणि बांगड्याचे तिखले मागू लागला.

इकडे रिकाम्या खोलीतले कण्हणे थांबले, हे समितीचे यश ठरले आणि समिती कायम करण्यात आली. गुरुदास एके दिवशी चालत घरी आला, तेव्हा कसालच्या स्वयंसेवकाने त्याला दारातच अडवले.

"आत पेशंट आसा. समाचाराक इलास तर रांगेत बस."

गुरुदास रीतीचा माणूस. मुकाट्याने रांगेत बसला आणि पुढच्या माणसाला हळूच विचारू लागला, बिचाऱ्याचे आता कसे आहे?

खटला अजून चालू आहे. आणि वाचकहो, तुम्हीही एवढा वेळ त्याच्या उशाशीच बसला आहात. उठा आता. की आधी दुसरा कोणी उठतो का, ते बघताय?