रस्सा न गळणारी हिरवी पिशवी

एका जंगलात, मुलांनो, अक्कल सोडून सगळं मुबलक होतं. माकडाची खानावळ होती, तिथला झणझणीत रस्सा होता आणि तो घरी न्यायला प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. घरून डबा आणायची मात्र सगळ्यांना लाज वाटे. हत्तीलासुद्धा.

वापरलेल्या पिशव्या वाटेवर पडत. त्यातली एक खाऊन हरिणीचं थोरलं पाडस मेलं. ती रडत सिंहाकडे गेली.

"महाराज, पिशव्या बंद करा. आता धाकटं एकच उरलंय माझं."

सिंहाने अस्वलाला बोलावलं. अस्वल शिकलेलं होतं आणि तरीही कामाचं होतं. त्याने बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवली, कातळावर पातळ पसरली, उन्हात वाळवली. पापुद्रा निघाला, पण पापडासारखा कडकन मोडला. मग त्याने खळीत थोडं ग्लिसरीन घातलं. पापुद्रा मऊ झाला, हवा तसा वाकू लागला. त्याच्या पिशव्या झाल्या. मातीत पुरल्या की त्या कुजून जात.

"आणि पाडसाने खाल्ली तर?" हरिणीने विचारलं.

"पचेल गं बाई, बटाटाच तो. ग्लिसरीनमुळे जरा गोड लागेल, इतकंच."

हरिणी त्या रात्री निवांत झोपली.

सकाळी बोंबाबोंब. गरम रस्सा ओतला की पिशवी लिबलिबीत होऊन फुटे. लांडग्याचा पाय भाजला.

"मग डबा आणा की," अस्वल म्हणालं.

"आम्ही काय भिकारी आहोत?" लांडगा गुरगुरला.

सिंहाने समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच कोल्हा. त्याने पिशवीला आतून प्लास्टिकचं अस्तर लावलं, बाहेरून बटाटा तसाच ठेवला आणि वर हिरवं पान छापलं.

"अहो, पण ही कुजणार कशी?" अस्वल ओरडलं.

"अस्वलराव, सगळ्यांना पान दिसतंय ना? मग झालं!"

हरिणीला हे कुणी सांगितलं नाही. पाडस वाटेवरची पिशवी चाटू लागलं, तेव्हा ती कौतुकाने बघत राहिली. पिशवी गोड होती. तळाशी उरलेल्या रश्शासकट, गाठीसकट पाडसाने ती गिळली. आठवड्याभरात तेही मेलं.

गिधाडांनी पोट फाडलं. बटाटा पचला होता. अस्तर शाबूत होतं. कोल्ह्याने ते भर दरबारात उंच धरलं.

"बघा महाराज! एक थेंब गळलेला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिणीने टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून तिला समज देण्यात आली.

तात्पर्य: मुलांनो, शोध लावताना नेहमी रश्शाचा विचार करावा. पाडसं काय, दरवर्षी होतात.