राजा, पिशवीसह

नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात एकसारख्या काळ्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांवर फक्त आकडे. कुठल्या आकड्यात राजा आणि कुठल्यात शिपाई, हे डेटाबेसला ठाऊक आणि वहिनींना. वहिनी नेमक्या बहिणीकडे गेल्या, जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेली नाटक मंडळी संध्याकाळच्या प्रयोगाचे कपडे न्यायला दारात आली. ती एकदा बिथरली, की दुकानाला टाळंच.

धाकट्या दिराने नव्या कॉम्प्युटरसमोर बसून फोन लावला.

"वहिनी, तुमचा प्रोग्राम टाकला. छान उघडला. आत काहीच नाही."

"भावोजी, तो नुसता क्लायंट. म्हणजे खिडकी. कपड्यांची माहिती आतल्या खोलीतल्या मशीनवर आहे. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या डेटाबेसचा तेवढा टाका."

"मी सगळे टाकले."

"सगळे?"

"कोण कधी उपयोगी पडेल, सांगता येतं का?"

वहिनींनी न चिडता योग्य ड्रायव्हर निवडून दिला. न बघता, दुसऱ्या गावाहून. दिराने मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला, फोन ठेवला आणि 'जोडा' दाबलं. जोडलं गेलं. त्याने झटपट आकडे वाचले, पिशव्या काढल्या. मंडळी खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ड्रायव्हर अगदी बरोबर बसलाय."

दीर फुलून गेला.

"पण तो फक्त निरोप्या. ज्याला विचाराल, त्याचं उत्तर आणून देतो. इथे डेटाबेसचे दोन पत्ते होते. तुम्ही कुठला घेतलात?"

"एकाला पासवर्ड हवा होता. दुसरा बिनतक्रार उघडला. मला दुसरा स्वभावाने बरा वाटला."

"ती सरावाची प्रत. हात बसावा म्हणून मी तिथे वाटेल ते भरलंय." वहिनींनी खरा डेटाबेस उघडला. "राजा म्हणून काय दिलंत?"

"एकशेबारा."

"कांगारू."

दीर खुर्चीत बसला. दुकान, दादाची मेहनत, स्वतःचं लग्न, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर पाण्यात गेलं. तेवढ्यात फोन वाजला. मंडळीचे दिग्दर्शक होते. वहिनींनी तो स्वतः घेतला.

"बाई, काल आमच्या राजाने मरताना पोटातून मुकुट काढून राजपुत्राला दिला. अख्खं थिएटर रडलं. हे सुचलं कुणाला?"

"आमच्या भावोजींना," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

"वर्षभराचे सगळे प्रयोग तुमच्याकडेच. राजा मात्र हाच हवा."

वहिनींनी फोन ठेवला, खऱ्या डेटाबेसमध्ये एकशेबाराची नोंद उघडली आणि 'कांगारू' पुसून 'राजा, पिशवीसह' असं लिहिलं.

"राणीचं काय दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"एकशेतेरा."

वहिनींनी बघितलं आणि दिराकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

"शहामृग. आणि तिच्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही."