मुलुंडचा जपानी पंच

"कांदिवलीच्या साहेबाकडे जाताय ना? मग हे असं फडक्यात गुंडाळून नेणार?" सुलक्षणाने विचारलं.

गुणाजी परबने हातातल्या पंचाकडे पाहिलं. बोटाएवढं पोलादी हत्यार, छत्रीच्या काडीला बारीक भोक पाडायचं. मुलुंडच्या आपल्या गाळ्यात त्याने ते स्वतः घडवलं होतं. कांदिवलीचा छत्र्यांचा कारखाना पूर्वी असले पंच त्याच्याकडूनच घ्यायचा. पण चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत तिथल्या सगळ्या मशीनांत जपानी पंच बसले होते आणि गुणाजी लेथ विकून मालवणला परत जायच्या गोष्टी करू लागला होता. हा शेवटचा प्रयत्न होता.

"अगो, पंच तो पंच. फडक्यात काय नि ताटात काय?"

"माझ्या कोकमाच्या बाटलीला लेबल लावलं, तेव्हा पण हेच म्हणालात. आता बायका दुकानात नाव घेऊन मागतात." तिने बांगड्यांची मखमली डबी रिकामी केली, पंच घासून लख्ख केला आणि आत निजवला. "आणि तिथे जास्त बोलू नका. जास्त बोललं की माल स्वस्तातला वाटतो."

गुणाजीने तिचं सगळं ऐकलं. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

कारखान्याचे नवे खरेदी अधिकारी नंदकुमार वर्टी यांनी डबी उघडली आणि एकदम आवाज खाली आणला. "जपानी?"

गुणाजी नुसता हसला. "चालवून बघा."

पंच मशीनवर चढला. दुपारपर्यंत काड्यांचा ढीग पडला, पण एकाही भोकाची कड फाटली नव्हती. वर्टी खुशीत आले. "कुठून आणता?"

"मुलुंडहून."

वर्टींनी डोळा मिचकावला. "समजलो, समजलो. नाव नका सांगू. आमच्या एजंटपेक्षा थोडा कमी भाव लावा. दर महिन्याला घेतो."

गुणाजी तरंगतच घरी आला. साहेब समजले म्हणजे नेमकं काय समजले, हा प्रश्न त्याला रात्री जेवताना पडला.

उत्तर आठवड्याभरात गाळ्याच्या दारात येऊन उभं राहिलं. कस्टमचे इन्स्पेक्टर धोंडिराम खरात. जपानी माल पुरवणाऱ्या त्या एजंटने तक्रार केली होती, की मुलुंडमध्ये कुणीतरी चोरून आणलेले पंच विकतोय.

"माल कुठे उतरवता? ट्रॉम्ब्याच्या बाजूला, खाडीत?" खरातांनी विचारलं.

घाबरला की गुणाजीच्या तोंडी मालवणी यायची. "उतरवूचो कशाक, सायबानू? हयच बनता!"

खरातांनी गाळाभर नजर फिरवली. एक जुना लेथ, एक भट्टी, तेलाचा डबा. "परब, देशी माल फॉरेनचा म्हणून विकणारे मी ढिगाने पाहिले. फॉरेनचा माल मुलुंडचा म्हणून विकणारे तुम्ही पहिलेच. बनवून दाखवा."

एवढं म्हणून ते स्टूल ओढून समोरच बसले. शेजारच्या गाळ्यांतली माणसं दाराशी जमली. गुणाजीने लेथवर पंच कातला, भट्टी भडकवून घाईघाईने तापवला आणि कडक व्हावा म्हणून तेलात बुडवला. तड्! पंचाला उभी चीर गेली.

"वाट लागली," दारातून कुणीतरी म्हणालं.

खरातांनी तडकलेल्या पंचाकडे आणि मग गुणाजीकडे डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात सुलक्षणा जेवणाचा डबा घेऊन आली. काय चाललंय ते तिला बघताक्षणी कळलं.

"साहेब, असे डोळे वटारून समोर बसलात तर माझी भाकरीसुद्धा फुगायची नाही. आधी दोन घास खाऊन घ्या."

"ही लाच तर नाही ना, बाई?"

"लाच कसली? बांगडा आहे."

बांगडा तिखट होता. खरातांनी नाक पुसत पुसत विचारलं, "पण मघाचा तो तडकला का?"

"घाईत जास्त तापला, साहेब."

"किती तापला ते कळतं कसं?"

"रंगावरून. या, बघा."

गुणाजीने दुसरा पंच कातून भट्टीत ठेवला. खरात हात धुऊन भट्टीजवळ उकिडवे बसले. पोलाद काळपट लाल झालं, मग पिकल्या चेरीसारखं. "आता काढू?" त्यांनी विचारलं. चिमटा त्यांनी कधी हातात घेतला होता, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

"थांबा."

"आता?"

"आता!"

खरातांनी पंच तेलात बुडवला. चुर्रर्र! सगळा गाळा श्वास रोखून उभा. पंच बाहेर आला, अख्खा!

"झाला! आपला झाला!" खरात ओरडले. मग नोकरीची आठवण होऊन त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

चौकशी मिटवायची तर खरेदीदाराचाही जबाब हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी ते गुणाजीला घेऊन कांदिवलीला गेले. समोर कस्टमचा माणूस पाहून वर्टी पांढरेफटक पडले.

"हा पंच परदेशी नाही," खरात म्हणाले. "मुलुंडलाच बनतो. मी स्वतः पाहिलंय."

वर्टींच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्याबरोबर व्यवहारही आला. "देशी होय? मग परब, भाव निम्म्यावर आणायला लागेल. मी आपला जपानी समजून हो म्हणालो होतो."

गुणाजीचं तोंड उतरलं. चोर ठरलो असतो तर निदान भाव तरी मिळाला असता, असं त्याला वाटून गेलं.

खरात मात्र खुर्चीत सावरून बसले. "जपानी समजून? मग आयातीचे कागद मागितले असतील ना यांच्याकडे?"

"नाही... म्हणजे..."

"म्हणजे चोरटा माल आहे असं समजून तुम्ही तो दर महिन्याला घेणार होतात?" खरातांनी खिशातून पेन काढलं. "जबाबात काय लिहू?"

डोक्यावर पंखा फिरत असून वर्टींच्या कपाळावर घाम फुटला. "छे छे! जपानी कुठे म्हणालो मी? मुलुंडचाच समजत होतो ना! पहिल्यापासून!"

"आणि भाव?"

"ठरलाय तोच! अहो साहेब, मुलुंडचा माल मी बघताक्षणी ओळखतो."