मोहिते सरांचा खो

मोहिते सर फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभे राहून 'खो' ओरडत. पास दे म्हणजे खो, धाव म्हणजे खो आणि पडलेल्याने उठावं म्हणजेही खोच. शारजाच्या औद्योगिक क्षेत्राला लागून आमचं कॉलेज, मैदानाच्या एका अंगाला ओळीने गॅरेजं. तिथल्या पत्रे ठोकण्याच्या आवाजातूनही तो खो ऐकू येई. एकदा रेफ्रीला ती शिवी वाटली आणि त्याने सरांना पिवळं कार्ड दाखवलं. सर पुढे झाले, कार्ड निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "कागद चांगला वापरतात हो."

ते इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत. मूळचे सांगलीचे. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. खेळाचा शिक्षक नोकरी सोडून गेला तेव्हा मॅनेजमेंटने स्टाफमध्ये विचारलं, "कुणी काही खेळलंय का?" सर म्हणाले, "खेळलोय." काय, ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. त्या उन्हाळ्यात माझी बायको वारली होती. मी दिवसभर लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत बसे. आधीच शिक्का असलेल्या पुस्तकांवरसुद्धा. एके दुपारी पाठीत थाप बसली.

"खो! काय देव, पावताय का आज? स्कोअर लिहायला माणूस पाहिजे."

"मला फुटबॉल कळत नाही, सर."

"मला तरी कुठे कळतो? खो मिळाला की उठायचं. मिळाल्याशिवाय उठायचं नाही. एवढाच नियम."

मी उठलो. माझ्या बायकोबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत, नंतरही नाहीत.

सीझन आठ मॅचेसचा होता. मैदानात सातापेक्षा कमी खेळाडू उरले तर मॅच थांबते आणि समोरच्यांना देऊन टाकतात. कॉलेजने बजावलं होतं, असं एकदा जरी झालं तरी टीम बंद. त्यामुळे सरांना जिंकण्याशी देणंघेणं नव्हतं. "आठच्या आठ पूर्ण झाल्या पाहिजेत, देव. बाकी खलास झालं तरी चालेल." पहिली मॅच आम्ही पाच गोलांनी हरलो. सर म्हणाले, "पाचच? छान."

पण पोरं कमी होऊ लागली. इकडे वडिलांची नोकरी गेली की घरच्यांचा व्हिसाही जातो. मंगळवारी प्रॅक्टिसला आलेला मुलगा गुरुवारी नसे. आमचा गोलकीपर अद्वैत, लहानपणापासून इथेच वाढलेला, एक दिवस बूट हातात घेऊन आला.

"सर, वी आर लीव्हिंग ऑन द ट्वेल्थ."

"बारा तारखेपर्यंत मॅचेस किती?"

"टू."

"मग दोन खेळ."

तो दोन खेळला. दुसरी संपल्यावर ग्लोव्हज सरांच्या हातात ठेवून गेला.

सरांनी ड्रॉइंग शीटवर मैदान काढलेलं होतं, टी-स्क्वेअर लावून, अकरा वर्तुळांसकट. मुलगा गेला की त्याचं वर्तुळ ते पुसत. मग तिथेच, त्याच मापाचं, तुटक रेघेने पुन्हा काढत. वस्तू आहे पण समोरून दिसत नाही, तर तिची रेघ तुटक काढायची, हा त्यांच्या विषयाचा नियम.

कॅप्टन यासीन सुदानचा. त्याने एकदा मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "सर को अरबी किसने सिखाया? हम सबको अखू बोलता है." अखू म्हणजे भाऊ. "हमारा कोई टीचर ऐसा नहीं बोलता," तो म्हणाला. तो खो आहे हे मी सांगितलं नाही. अजूनही त्याला सांगितलेलं नाही.

शेवटच्या मॅचच्या सकाळी सर शीट घेऊन लायब्ररीत आले. सात वर्तुळं अखंड, चार तुटक. मैदानाच्या रेघेबाहेर आणखी दोन होती, शेजारी शेजारी. एकात 'देव' लिहिलेलं, अखंड. दुसरं तुटक.

"हे कोण?"

"मी. साठ पूर्ण झाली. पत्र आलंय."

"सांगलीला जाणार?"

"हो. तिथे भाऊ होता." सर शीटची गुंडाळी करू लागले. "आता त्याच्या घराची किल्ली आहे."

त्या दिवशी बरोबर सात जण उतरले. दुसऱ्या हाफमध्ये यासीनच्या पोटरीत गोळा आला आणि तो कोसळला. तो बाहेर गेला असता तर सहा उरले असते. रेफ्रीने घड्याळ पाहिलं. सरांचा आवाज फाटला. "खो!" यासीन मातीत हात रोवून उठला. उरलेला वेळ तो एका पायावर खेळला, खरं तर नुसता उभा राहिला. शिट्टी वाजली तेव्हा आमच्यावर नऊ गोल झाले होते.

"नऊ," सर मला म्हणाले. "खो-खोत गडी नऊच असतात. लिहा. आठवी पूर्ण."

मी लिहीपर्यंत पोरं बॅगा भरायला गेली होती. वळून पाहिलं तर सर रेघेवर उकिडवे बसले होते, दोन्ही हात जमिनीवर टेकून, तोंड गॅरेजांकडे. खो-खोत पाटीवर बसतात तसे. मी थोडा वेळ थांबलो. ते उठेनात. मला जवळ जावंसं वाटलं, पण हातातली वही कुठे ठेवावी ते सुचेना.

यासीन लंगडत मागून आला. त्याने सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि चला म्हणून हाक दिली, "यल्ला, अखू."

सर ताडकन उठले. साठीचा माणूस, तोंड होतं त्याच दिशेला चार पावलं धावला. मग थांबला. चेहरा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

आठवड्याने ते गेले. पुढच्या महिन्यात टीम बंद केल्याची नोटीस लागली. आठ मॅचेस पूर्ण झाल्याचा तिच्यात उल्लेख नव्हता. शीट माझ्याकडे आहे.

लायब्ररीत मी टेबल फिरवून घेतलं आहे. येणारा माणूस दिसावा म्हणून सगळे दाराकडे तोंड करून बसतात. मी पाठ करून बसतो.